मदत हवी आहे: डिजिटल संग्रहातल्या मोडी कागदाचं साल कसं ठरवायचं?

कोटितीर्थ:
नमस्कार मंडळी. आमच्या गावाच्या यात्रेला गावच्या इतिहासाची छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याशी, मी राहायला कोल्हापुरात. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आपला हस्तलिखित संग्रह स्कॅन करून ऑनलाइन ठेवलाय. त्यात चाळता चाळता आमच्या गावाचं नाव असलेला एक मोडी कागद सापडला. नोंदीत फक्त ‘मोडी पत्र, कोल्हापूर, तारीख नाही’ एवढंच.

तारीख आहे हो! मोडीचा वर्ग केल्यामुळे पहिल्या ओळी लागल्या: ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शके १?६ सौम्यनाम संवत्सरे माघ शुद्ध पंचमी’. वाराच्या जागी कागद फाटलाय. पुढे ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती स्वामी यांनी’ आणि मग एक चावर जमीन इनाम दिल्याचा मजकूर. शकाचा मधला आकडा पुसट आहे, १ किंवा ३. म्हणजे ११६ किंवा १३६. वीस वर्षांचा फरक पडतो. कोल्हापूरचे दुसरे शिवाजी महाराज १७६२ ते १८१३ गादीवर होते, त्यामुळे राजाच्या नावावरून काही ठरत नाही. राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली १७८२ ला, तेही दोन्हीच्या आधीच.

दोन गोष्टी सांगा. साल पक्कं कसं करायचं? आणि अशा संग्रहांत गावाबद्दल अजून काही शोधायचं तर कुठं, कसं?

दफ्तरी:
ताई, उत्तर तुमच्याच ओळीत आहे. आकडा सोडा, संवत्सर धरा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव.

राज्याभिषेक शक शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासून मोजतात. त्यात १५९५ मिळवले की शालिवाहन शक येतो. ११६ चा होतो १७११, १३६ चा १७३१. आता शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागा. जी बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. १७११ ला बाकी ४३, म्हणजे सौम्य. १७३१ ला बाकी ३, म्हणजे शुक्ल. तुमच्या कागदावर सौम्य स्पष्ट आहे ना? मग ११६ च. माघ असल्यानं इंग्रजी साल १७८९ नाही, जानेवारी १७९० येतं. पुस्तिकेत १७८९ छापू नका, गावातले म्हातारे सोडणार नाहीत.

एक खाच लक्षात ठेवा. हा शक गुढीपाडव्याला बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. चैत्र, वैशाख आणि त्रयोदशीच्या आधीचा ज्येष्ठ असेल तर १५९६ मिळवायचे. तुमच्या माघाला ती अडचण नाही.

आणि कागदाची पाठ बघितलीत का? बरेच जण पहिलीच प्रतिमा बघून थांबतात. खरा मसाला पाठीवर असतो: रुजू झाल्याचे म्हणजे दफ्तरात तपासून नोंदल्याचे शेरे, ‘बार’ ही नोंदीची खूण, कागदांच्या जोडावरचा शिक्का.

कोटितीर्थ:
बघितली! पुढचं पान उलटलंच नव्हतं. पाठीवर बारीक अक्षरात आहे: ‘छ ९ जमादिलावल, सन तिसैन मया व अलफ’. आता हे काय?

दफ्तरी:
वा. पंचांगानं सांगितलं तेच फारसी कारकुनीही सांगते. हा शुहूर सन, जुन्या मराठी दफ्तरांतलं अरबी आकडे शब्दांत लिहायचं वर्ष. तिसैन ९०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११९०. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचं आलं १७९०.

‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिना चंद्रदर्शनापासून मोजलेला. छ ९ म्हणजे साधारण माघ शुद्ध दशमी. आज्ञा पंचमीला झाली, शेरा चारपाच दिवसांनी पडला. १३६ धरून १८१० चा माघ घेतला तर त्यात मोहरम येतो, जमादिलावल जवळपाससुद्धा नाही. १३६ ला आता जागाच उरली नाही.

भवानीमंडप:
नाद खुळा! एका फाटक्या कागदावर दोन कालगणना, आणि दोन्ही जुळल्या.

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. असल्या संग्रहात शोधायच्या चौकटीत मारलेलं नाव नोंदीतच शोधलं जातं, स्कॅनच्या आतल्या मोडी मजकुरात नाही. त्यामुळे गावाच्या नावावर अडून बसू नका. ‘इनाम’, ‘सनद’, ‘करवीर’, ‘पन्हाळा’ असं मारून बघा आणि सापडलेल्या कागदाच्या रुमाल क्रमांकाच्या (रुमाल म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा) मागचेपुढचे कागद चाळा. एकाच दफ्तरातले कागद बहुधा एकत्रच बांधलेले असतात.

छापील साधनांत ग्रॅहॅम या इंग्रज अधिकाऱ्याचा कोल्हापूर संस्थानावरचा १८५४ चा अहवाल आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २४ वा खंड, १८८६ चा. दोन्ही स्कॅन झालेत. ग्रॅहॅमच्या अहवालात कोल्हापूरचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी डबल ओ लावून आहे, आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर हाती काही लागणार नाही. आणि ‘चावर’सारखे शब्द अडले तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट शोधता येते. चावर म्हणजे १२० बिघे, तेवढं वाचून झालं असेल म्हणा.

स्कॅनचा फोटो छापणार असाल तर ग्रंथालयाच्या वापराच्या अटी आधी वाचा आणि फोटोखाली हस्तलिखित क्रमांक टाका.

कोटितीर्थ:
१२० बिघे? मी आपलं शेतातल्या एका तुकड्याएवढं समजत होते. म्हणजे इनाम बरंच मोठं होतं.

क्रमांक टाकते. दफ्तरीकाका, नोंदीतलं ‘तारीख नाही’ सुधारायला ग्रंथालयाला कळवलं तर घेतात का?

दफ्तरी:
कळवा. नुसतं ‘तारीख १७९० आहे’ असं नको, पहिली ओळ आणि पाठीवरचा शेरा अक्षरशः लिहून पाठवा, सोबत दोन्ही प्रतिमांचे क्रमांक. वाचन दाखवलं की त्यांच्या माणसाला पडताळता येतं.