कसारा घाटात गाडीचा काटा वर गेला, रेडिएटरमध्ये चॉकलेटी गाळ... कूलंट हिरवं टाकू की लाल?

द्राक्षबाग_डिझेल :
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची डिझेल फोर बाय फोर, सेकंड हँड घेतलीय, १ लाख ४० हजार झालेत. रोजचं नाशिक-दिंडोरी-मळा एवढंच, त्यात काही त्रास नाही. पण मागच्या रविवारी मुंबईहून येताना भर दुपारी कसारा घाट चढत होतो, एसी चालू, गाडीत पाच माणसं, आणि नेहमी अर्ध्यावर असणारा इंजिनच्या तापमानाचा काटा पाऊणच्या वर गेला राव. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, तेव्हा कुठे इगतपुरीपर्यंत खाली आला. दुसऱ्या दिवशी गार गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ना हिरवं ना लाल, गॅसवर विसरलेल्या चहासारखा रंग आणि झाकणाच्या आतून बोटाला चिकटणारा थर. आधीच्या मालकाने हिरवं टाकलेलं, मधे एका गॅरेजमध्ये पोराने लाल टॉपअप केलं, आणि खोटं कशाला बोलू, एकदा मळ्यात बोअरचं पाणी मीच ओतलंय, दीडेक लिटर. आता नवीन कुठलं टाकू? आमचा मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेक आणि साधं पाणी टाक, नाशिकला काय बर्फ पडतो का. पटत नाहीये, पण त्याच्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्यात.

सिडकोचा_बंड्या :
आमच्याकडे वीस वर्षं नळाचं पाणी टाकतोय, काही होत नाही. उगाच खर्च.

पाना_नंबर_दहा :
बंड्याभाऊ, गंगापूर धरणाचं नळाचं पाणी वेगळं आणि मळ्यातल्या बोअरचं वेगळं. आणि नळाचं पण टाकू नयेच, रेडिएटर आतून कधी उघडून बघितलाय का?

दादा, आधी रंग डोक्यातून काढा. रंग कंपनी आपल्या मनाने टाकते, त्याला काही नियम नाही. खरा फरक गंजरोधक रसायनांचा. जुनं आयएटी, त्यात सिलिकेट-फॉस्फेट असतं, ते दोनेक वर्षांत संपतं. ओएटी म्हणजे सेंद्रिय आम्लांचं, पाचेक वर्षं जातं. आणि दोन्हीच्या मधलं हायब्रिड. वेगवेगळी एकत्र केली की कधी गाळ धरतो, आणि नाही धरला तरी आयुष्य कमी होतंच. त्यात बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, म्हणजे गिझरच्या कॉइलवर बसतो तोच क्षार तुमच्या रेडिएटरच्या नळ्यांत. मॅन्युअलमध्ये कुठला प्रकार लिहिलाय ते बघा आणि कॅनवर तोच प्रकार आणि आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) असं काही छापलंय का ते बघा, मग ते निळं असो की गुलाबी.

बर्फाचं म्हणाल तर निफाडला पारा किती उतरतो ते बागायतदाराला मी काय सांगणार, पण कूलंट आपण थंडीसाठी टाकतच नाही. नाशिकच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. अर्धं कूलंट अर्धं पाणी आणि वर १५ पीएसआय दाब धरणारं धड झाकण असेल तर तेच १२५ च्या पुढे जातं. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर आधी झाकण बदला, सगळ्यात स्वस्त काम तेच.

आणि थर्मोस्टॅट काढून काय मिळणार? घाटात काटा वर गेला तेव्हा तो चांगला असेल तर आधीच पूर्ण उघडलेला होता. काढलात तर इंजिन गारच राहील, डिझेल जास्त पिईल. शंका असेल तर काढून पातेल्यात पाणी उकळून त्यात टाका, उघडतो का ते दिसतं. घरातलं पातेलं घेऊ नका, माझं ऐका.

चिखलवाट :
पाना भाऊंचं बरोबर पण फक्त आतलं बघू नका. पावसाळ्यात त्र्यंबक-हर्सूलकडे गाडी चिखलात घातली असेल तर रेडिएटरच्या जाळीत माती वाळून बसलेली असते. इंजिनच्या बाजूने बाहेर असं हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर मारला तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या पडतात. इंजिनवरचा पंखा असेल तर गाडी गरम असताना बंद करून हाताने फिरवून बघा, अगदी सुळसुळीत फिरला तर फॅन क्लच (पंख्याला इंजिनशी जोडणारा भाग) गेला समजा. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा हळू, जास्त जोराचा गिअर) किंवा घाटात रांगताना समोरून वारा नसतोच, सगळं त्याच्यावर. आणि खोल पाण्यात गाडी घालाल तेव्हा पंख्याच्या पात्या पाण्याच्या जोराने पुढे वाकून रेडिएटरला घासतात, मित्राचा असाच फाटलाय.

पाना_नंबर_दहा :
फ्लशबद्दल राहिलंच. गार गाडीचं सगळं काढा, डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर फुल गरमवर ठेवून वरचा होज तापेपर्यंत चालवा, गार करा, काढा, स्वच्छ येईपर्यंत परत. आता गंमत अशी की दीड-दोन लिटर ब्लॉकमध्ये राहतंच, म्हणून शेवटी रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) टाकलं तर ते पातळ होतं. ८ लिटरची सिस्टिम असेल तर आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि मग वर येईल तेवढं डिस्टिल्ड. काढलेलं शेतात ओतू नका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि किडनी जाऊन मरतात.

द्राक्षबाग_डिझेल :
अपडेट. चार वेळा फ्लश केलं तेव्हा कुठे पाणी पाण्यासारखं आलं, पहिल्या वेळी तर अक्षरशः नाचणीची आंबील. मॅन्युअलमध्ये ओएटी निघालं, तेच टाकलं, ४ लिटर आधी. झाकण नवीन. थर्मोस्टॅट पातेल्यात उघडला, परत बसवला. पण वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाजवळ पांढरट-गुलाबी पापुद्रा दिसतोय, बोटाने खरवडला तर आत ओलं. मिस्त्रीला दाखवलं तर म्हणतो, तुमच्या नेटवाल्यांना विचारा. विचारतोय.

पाना_नंबर_दहा :
पंप सीलमधून पाझरतोय. नवीन मागवा, आणि तोपर्यंत घाटात जाऊ नका.