काळ्या मातीत वीस वेळा पडूनही टिकलेला फोन घरच्या फरशीवर एकदाच पडून का फुटला?

केळीबाग_रावेर

नमस्कार. माझी रावेर तालुक्यात केळीची बाग आहे आणि दिवसातले सात-आठ तास फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. ठिबकची नळी पाहायला वाकले की तो घसरतो. गेल्या चौदा महिन्यांत तो असा वीसेक वेळा तरी काळ्या मातीत पडला असेल, पण त्याला कधी काही झाले नाही. गेल्या आठवड्यात मात्र पलंगावरून, म्हणजे जेमतेम दीड-दोन फुटांवरून, तो शहाबादी फरशीवर पडला आणि समोरची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. काच मजबूत आहे असे घेताना सांगितले होते, म्हणून वरून टेम्पर्ड ग्लास लावली नव्हती. मधले चार महिने घराचे बांधकाम चालू होते. तेव्हा फोन पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर असे आणि खिशात वाळूही जात असे. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? शिवाय नवा फोन घ्यायचा झाल्यास खोक्यावरच्या ‘मिलिटरी ग्रेड’ आणि ‘आयपी ६८’ या शब्दांवर कितपत विसंबावे? फोन बंद पडला की मोटार सुरू करण्यापासून व्यापाऱ्याशी बोलण्यापर्यंत सगळेच अडते, म्हणून विचारत आहे.

भौतिकशास्त्र_धुळे

दादा, तुमची शंका योग्य आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वाळूतच आहे.

गोरिला ग्लाससारखी काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. त्या वेळी काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीने बसतात, त्यामुळे वरचा थर सतत दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणाखाली राहतो. दाबाखालच्या थरात तडा सहजासहजी पसरत नाही, म्हणून ही काच मजबूत ठरते. पण हा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच जाड असतो. एखादा खोल चरा तो थर ओलांडून आतल्या ताणाच्या भागापर्यंत पोहोचला, की पुढे लहानसा धक्काही तडा पसरवायला पुरतो.

आता चरा कशाने पडतो ते पाहा. मोह्‌सच्या काठिण्यश्रेणीत गारेचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे, काठिण्य ७ आहे आणि फोनची काच साधारण ६ च्या आसपास आहे. किल्ली सहसा काचेपेक्षा मऊ असते, त्यामुळे तिच्यापेक्षा वाळूतील गारेचा कणच खरा शत्रू आहे. किल्ली फक्त तो कण काचेवर दाबते. चार महिने खिशात हेच घडत होते आणि फरशीवर फोन पडला तेव्हा काच आधीच दुबळी झालेली होती.

मातीत फोन का वाचला, तेही सांगते. दोनशे ग्रॅमचा फोन छातीच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.२ मीटरवरून पडला, तर खाली पोहोचताना त्याचा वेग ताशी साडेसतरा किलोमीटर असतो. नांगरलेली माती त्याला दोन-तीन सेंटिमीटर दबत थांबवते, तर फरशी मिलिमीटरभरही दबत नाही. थांबण्याचे अंतर जितके कमी, तितके बल जास्त. त्यातून फोन कोपऱ्यावर आदळला तर ते सारे बल एका बिंदूवर येते. जाड कडांचे मऊ कव्हर हे अंतर वाढवते, म्हणून त्याचा उपयोग खरा आहे.

दुरुस्तीवाला_जळगाव

मॅडमनी काचेचे नेमके सांगितले आहे. मी दुकानात रोज जे पाहतो त्यावरून उरलेल्या प्रश्नांविषयी लिहितो.

भाऊ, ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुतेक वेळा ‘मिल-एसटीडी-८१०एच’ या अमेरिकी मानकातील काही चाचण्या कंपनीने स्वतः निवडून केलेल्या असतात. सैन्य कोणाला प्रमाणपत्र देत नाही. त्यातील पडण्याच्या चाचणीत १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण खाली काँक्रीटवर प्लायवूड अंथरलेले असते आणि हे २६ वेळा पाडणे पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा असते. आपल्या शहाबादी फरशीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. त्यापेक्षा युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनवर जे ऊर्जा लेबल सक्तीचे झाले आहे ते पाहावे. त्यात वारंवार पडण्याला फोन किती टिकतो याची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी दिलेली असते. तुम्हाला हवे असलेले मॉडेल तिकडेही विकले जात असेल, तर ही माहिती इंटरनेटवर मिळते.

‘आयपी ६८’ची, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाण्याची, चाचणी नव्या फोनवर आणि स्वच्छ गोड्या पाण्यात होते. खताचे पाणी किंवा फवारणीचे औषध त्यात धरलेले नाही. फोनची चौकट एकदा वाकली किंवा मागचा पॅनेल एकदा उघडला, की आतील चिकट सील पूर्वीसारखे राहत नाही. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तर ॲपल आपले फोन वापरण्यासाठी बाहेरचे तापमान ० ते ३५ अंश सांगते. अशा उन्हात तापत राहिलेली बॅटरी कधी कधी फुगते, डिस्प्लेला आतून ढकलते आणि सीलही सोडवते. असे फोन माझ्याकडे उन्हाळा सरता सरता येऊ लागतात, आणि त्यांच्या मालकांना ते पडल्याचे आठवतही नसते.

एक विनंती: स्वस्त कॉपी फोल्डर, म्हणजे काचेसकट येणारा नकली डिस्प्ले, टाकू नका. त्याची काच मूळ काचेइतकी मजबूत क्वचितच असते आणि वर्षभरात दुसऱ्यांदा खर्च होतो.

केळीबाग_रावेर

दोघांचेही मनापासून आभार. मग फोन खिशाऐवजी मोटारसायकलच्या हँडलवरील होल्डरमध्ये ठेवला तर चालेल का? बागेपर्यंतचा रस्ता मुरमाचा आहे.

शहादा_दूधमार्ग

तसे करू नका, दादा. मी तीन वर्षे तसाच ठेवत होतो. फोन एकदाही पडला नाही, पण कॅमेऱ्यातील चित्र थरथरू लागले आणि ते दुरुस्त झाले नाही. चित्र स्थिर ठेवण्यासाठी कॅमेऱ्याचे भिंग आत तरंगते बसवलेले असते आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनाने ते बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती.

केळीबाग_रावेर

समजले. मूळ डिस्प्ले बसवून घेतो, त्यावर पहिल्याच दिवशी टेम्पर्ड ग्लास आणि उंच कडांचे कव्हर लावतो. बागेतल्या सदऱ्याच्या खिशाला शिंप्याकडून झाकण आणि बटण करून घेतले आहे. किल्ल्यांसाठी कमरेला वेगळी पिशवी शिवायला टाकली आहे.