काकांच्या पश्चात नॅसमधील सामायिक फोल्डर पुन्हा कसे उघडावेत?

पायवाट:
माझ्या थोरल्या काकांनी घराण्याच्या मोडी कागदपत्रांची छायाचित्रे आणि त्यांची लिप्यंतरे दोन डिस्कच्या एका सिनॉलॉजी नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावर) साठवली होती. त्यांच्या निधनानंतर काकू आणि चुलत भावंडांनी ते यंत्र सर्वानुमते माझ्याकडे सोपवले, परंतु त्याचा पासवर्ड कोणालाही ठाऊक नाही. काकांच्या जुन्या संगणकावर ‘छायाचित्रे’ हा फोल्डर अजूनही थेट उघडतो. माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मात्र नाव आणि पासवर्ड विचारला जातो. ‘दस्त’ नावाच्या फोल्डरची नोंद काकांच्या वहीत आहे, पण तो कोठेच दिसत नाही. यंत्राच्या मागे रीसेटचे बारीक छिद्र आहे. ते दाबल्यास मजकूर पुसला जाईल काय?

कोकणकडा:
योग्य रीतीने दाबल्यास पुसला जात नाही, पण आज ते दाबू नका. जुना संगणक चालू आहे हे तुमचे भाग्य समजा आणि उघडणारा फोल्डर आधी त्यावरून बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. दोन डिस्कवर एकच मजकूर असला, तरी त्याला बॅकअप म्हणत नाहीत. एकीवर चुकून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते.

त्यानंतर त्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड तपासा, कारण नॅसच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड तेथे असण्याची बरीच शक्यता आहे. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (जतन केलेली प्रवेशाची नावे आणि पासवर्ड ठेवण्याच्या सोयीत) पासवर्ड वाचता येणार नाही, परंतु तेथे नॅसची नोंद असल्यास काका कोणत्या नावाने प्रवेश करत होते एवढे कळेल.

हे सर्व निष्फळ ठरले तरच, यंत्र चालू असताना, छिद्रातील बटण पिनेने सुमारे ४ सेकंद, म्हणजे एक बीप ऐकू येईपर्यंत, दाबून सोडा. त्याने अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड रिकामा होतो आणि नेटवर्कची मांडणी मूळ स्थितीला येते. बीपनंतर लगेच दुसऱ्यांदा दाबल्यास प्रणाली नव्याने बसवण्याची प्रक्रिया सुरू होते. तिच्यातही डिस्कवरील मजकूर राहतो, पण खाती आणि परवानग्या जातात. तुम्हाला तिची गरज नाही.

निवडुंग:
वरील सल्ल्यात एक भर घालतो. ‘दस्त’ दिसत नाही याची दोन कारणे संभवतात: काकांच्या त्या खात्याला त्याची परवानगी नसेल, किंवा तो कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असून सध्या बंद असेल. पहिले कारण किरकोळ आहे. दुसरे असल्यास अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळूनही तो उघडणार नाही, कारण त्याची किल्ली स्वतंत्र असते; शिवाय कूटबद्ध फोल्डर आपोआप उघडण्याची सोय केलेली असली, तर एका बीपच्या रीसेटनेही ती बंद होते. असा फोल्डर तयार करताना किल्लीची फाइल सहसा संगणकावर उतरवली जाते, म्हणून जुन्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये फोल्डरच्याच नावाची फाइल शोधा. वहीही पुन्हा चाळा. किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे जोडणे किंवा दुरुस्तीच्या दुकानात नेणे, दोन्ही व्यर्थ आहे.

पायवाट:
आपल्या दोघांचाही आभारी आहे. छायाचित्रे उतरवून घेतली आणि किल्लीची फाइलही सापडली. ब्राउझरमध्ये काहीच नसल्याने शेवटी रीसेट केले आणि अ‍ॅडमिन म्हणून आत शिरलो. ‘दस्त’ कुलपाच्या चिन्हासह दिसला आणि किल्ली दिल्यावर उघडला. परंतु लॅपटॉपवरून त्यात जाऊ लागताच, एकाच सर्व्हरशी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करता येत नाही, असा संदेश येतो.

कोकणकडा:
तो अडथळा नॅसचा नसून विंडोजचा आहे. आधीच्या प्रयत्नातील नाव लॅपटॉपने धरून ठेवले आहे. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून नॅसची जुनी नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. नंतर नॅसच्या नियंत्रण पटलावर स्वतःसाठी व्यवस्थापकाचे अधिकार असलेले खाते उघडा, दोन्ही फोल्डरांच्या परवानग्यांमध्ये त्याला वाचन-लेखनाचा अधिकार द्या आणि लॅपटॉपवरून त्याच नावाने जोडणी करा. ती जमल्याची खात्री झाली की मूळ अ‍ॅडमिन खाते बंद करा, कारण बाहेरून होणारे पासवर्ड-अंदाजाचे हल्ले प्रथम त्याच नावावर होतात. भावंडांनाही कागद पाहायचे असतील, तर त्यांची खाती केवळ वाचनाची ठेवा.