जुनं घर पाडायच्या आधी वाड्याला, म्हणजे वस्तीतल्या लोकांना, विचारायचं की नाही?

रायबंदरचा वाटसरू
पणजीत मळा, फोंताइन्हस, सांतोमे इथे घराला हात लावायचा म्हटला की टीसीपी म्हणजे नगरनियोजन खात्याखालच्या कन्झर्व्हेशन कमिटीचा विषय येतो, २०१० च्या बांधकाम नियमांत कन्झर्व्हेशन झोनची तरतूदच आहे. पण ती नकाशावर रंगवलेल्या तुकड्यांपुरती. बाहेर म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, कुठलाही जुना वाडा घ्या, शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या घराभोवती पत्रे लागतात आणि सोमवारी नुसता चिऱ्यांचा ढीग, शेजाऱ्यालाही तेव्हाच कळतं. राज्य पुरातत्त्वच्या यादीत ५१ स्मारकं आहेत, केंद्राची वेगळी, पण आपण राहतो ती घरं त्यात कुठून येणार.

माझं म्हणणं साधं आहे. १९६१ च्या आधीचं घर पाडायचं किंवा रस्त्याकडची बाजू बदलायची असेल तर दारावर तीस दिवस नोटीस, मग वाड्यातली दोन-तीन माणसं, एक आर्किटेक्ट आणि पालिकेचा किंवा पंचायतीचा एक, असं मिळून उघड सुनावणी. आत बाथरूम कुठे काढता, किचनला कुठली टाईल लावता, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. बोला.

दोन सह्या बाकी
बोलतो, कारण मी असल्या घराचा मालक आहे, म्हणजे मालकांपैकी एक. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेलं, सगळ्या मुलांना वाटा, बायकोचा अर्धा हिस्सा, आणि विकायचं तर प्रत्येक वारसाची आणि त्याच्या नवऱ्याची-बायकोची सही. एक भाऊ स्विंडनला, एक चुलत बहीण लिस्बनला, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची केस, पडून. वर भाडेकरू आजोबांच्या वेळेपासूनचा, भाडं सांगितलं तर हसाल. दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायची, वासे बदलायचे, पाऊसकडेच्या भिंतीला पाणी अडवायला झड बांधायची, हे पैसे वाडा देतो का? देत नाही ना, मग वाडा परवानगी कशाची देतो? बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून गप्पा मारायला यायचं असेल तर या, चहा देतो.

उगाच एक
समितीत वाड्यातली दोन-तीन माणसं म्हणजे कोण ते आत्ताच लिहून देतो. एक नगरसेवकाचा मेहुणा, एक त्याच घराला गिऱ्हाईक आणणारा एजंट, तिसरा ज्याची त्या घरमालकाशी कुंपणावरून केस चालू आहे.

रायबंदरचा वाटसरू
मेहुणा असेलच. पण आज तो मेहुणा बंद खोलीत फाईल पुढे ढकलतो, उघड सुनावणीत निदान त्याला सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागेल.
सह्याबाब, तुमचा त्रास खरा आहे. पण तुमच्या वारसांचा गुंता सुटत नाही म्हणून घर पडतंय, समिती नाही म्हणाली म्हणून नाही. समिती तर तुमच्या वाड्यात आज नाहीच की.

फोंड्याची सून
तुमच्या डोळ्यासमोर हेरिटेज म्हटलं की लगेच शिंपल्यांच्या खिडक्या आणि निळा-पिवळा रंग येतो, टुरिस्ट फोटो काढतात तेवढंच. अंत्रुजातली, म्हणजे आमच्या फोंड्याकडची, चौकी घरं कुणी मोजली? मधे राजांगण, तुळशीवृंदावन, भोवती ओसरी, बाळंतिणीची खोली, माडी. रस्त्याकडून बघाल तर साधी मातकट भिंत आणि एक दार. वाटसरूबाबांचा नियम आहे रस्त्याकडच्या बाजूचा, म्हणजे आमच्याकडे पुढची भिंत ठेवून आतलं राजांगण स्लॅबखाली घातलं तर सगळं नियमात बसणार!

आणि देवळांचं काय. लाकडी खांबांचे, कौलारू सभामंडप गावोगाव पाडले, तिथे आरसीसी आणि संगमरवरी फरशी आली, आत बोललं की आवाज घुमतो, भजनाला बसवत नाही. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या कायद्याखाली महाजनांकडे, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरेच्या सभासदांकडे, महाजनांच्या सभेत ठराव झाला की झालं, तिथे कुणी म्हणत नाही की आधी वाड्याला विचारा. देणगीदाराचं नाव कोरायला नवीन भिंत लागते हे खरं कारण, बोलत कुणी नाही. नार्व्याचं सप्तकोटेश्वर मात्र बघून या, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं, पुरातत्त्व खात्याने नीट दुरुस्त करून २०२३ मध्ये खुलं केलं. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

कौलांचा वैरी
सून म्हणते ते राजांगण वगैरे ठीक, पण मला एक सांगा, जुनं म्हणजे नेमकं कुठल्या सालचं? तुम्ही सगळे ज्या मंगलोरी कौलांसाठी रडताय ती मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना घातला तेव्हापासूनची. त्याच्या आधी गोव्यात नळ्यांची कौलं होती, गरिबाकडे माडाच्या झावळ्या. तेव्हा तुमची वाडा समिती असती तर तिने मंगलोरी कौल बाहेरचा माल म्हणून अडवलं असतं. फोंताइन्हस पण अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत नारळाचं भाट होतं, भाट कापून घरं आली, १८४३ ला पणजी राजधानी झाली आणि वस्ती वाढली. लोकांनी वेळोवेळी बदललं म्हणून ते तसं झालं. आमच्या पिढीनेच हात बांधून का बसायचं?

चिरेवाला
साईटवर उभा राहणारा माणूस आहे, तेव्हा थोडं लांब लिहितो.

कौलांच्या वैऱ्याचा मुद्दा ऐकायला भारी आहे पण मंगलोरी कौल आलं तेव्हा खालची भिंत तीच राहिली. आता जे होतंय ते वेगळं. जुनी भिंत चिऱ्याची, सांध्यात माती नाहीतर चुना, वर चुन्याचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि सोडतो, आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तरी ती भिंत टिकली ती वर मोठं छप्पर, पुढे आलेल्या पागोळ्या आणि दर वर्षीचा चुना म्हणून. मालक येतो, म्हणतो पोपडे पडतात, सिमेंट मारून टाक. सिमेंट मारलं की आतलं पाणी आत अडकतं, खाली चढलेली ओल बाहेर पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यात सिमेंटच्या मागे चिरा पिठासारखा होतो. मग तोच मालक म्हणतो बघ घर मोडकळीला आलं, पाडूया. दुसरा प्रकार, कौलं काढून त्याच मातीच्या भिंतीवर स्लॅब घालायचा, म्हणजे ज्या भिंतीने हलकं छप्पर पेललं तिच्यावर कितीतरी पट वजन, भेग गेली की परत तेच, मोडकळीला आलं, पाडूया.

तेव्हा समिती जेसीबी आल्यावर बसवून उपयोग नाही. पाडकामाची फाईल येते त्याच्या कितीतरी वर्षं आधी घर पाडायचं ठरलेलं असतं. जी काय तपासणी करायची ती दुरुस्तीच्या वेळी करा, आणि तेव्हा नकार देऊ नका, माणूस द्या. चुन्याचं काम येणारा गवंडी आज शोधावा लागतो, किंजळीचा वासा परवडत नाही, सुताराला शिंपल्याची खिडकी दाखवली तर तो काच लावूया म्हणतो. फुकट सल्ला आणि थोडं स्वस्त लाकूड एवढं जरी पालिकेने दिलं तरी निम्मी घरं वाचतील असं माझं मत.

जुने गोवेंकर
सुनावणीची हौस असलेल्यांनी एकदा आमच्या जुन्या गोव्यात राहायला यावं. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बंदी, पुढे २०० मीटर नियंत्रित, १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती करून हे घातलं. बंदीच्या पट्ट्यात नवीन घर नाही, दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. साधा माणूस संडास बांधायला कागद घेऊन फिरतो, आणि दुसरीकडे व्हाइसरॉय आर्चजवळच्या एका बंगल्यावरून २०२१ मध्ये लोकांना आंदोलन करावं लागलं, जागतिक वारशाच्या जागेत! नियम कडक केले की लहान माणूस अडकतो, मोठा वाट काढतो. तरी मी नियम नकोत म्हणत नाही हां, ते नसते तर आज बासिलिकाच्या समोर हॉटेलं असती. उत्तर एका महिन्यात मिळावं एवढंच मागणं आहे, हो किंवा नाही, पण मिळावं.

दादर ते दाबोळी
मुंबईकर आहे, सासुरवाडी म्हापशाची. आमच्याकडे १९९५ पासून हेरिटेज नियम आहेत, ग्रेड एक-दोन-तीन, आणि कमिटी. २०१२ मध्ये नवीन यादीत शिवाजी पार्क परिसर घालायचं ठरलं तेव्हा तिथल्याच लोकांनी कडाडून विरोध केला, कारण यादीत गेलं की रिडेव्हलपमेंट अडकणार ही भीती. सगळी शिकलेली, मराठी, जुन्या घरावर प्रेम करणारी माणसं. प्रेम आणि सातबारा वेगळा असतो. तिथे निदान टीडीआर आहे, ग्रेडमुळे जे चटईक्षेत्र वापरता येत नाही ते मालक दुसरीकडे विकू शकतो. गोव्यात तसं करा.

ताळगावची भाजी
टीडीआर नको हो बाबा! फोंताइन्हसातलं न वापरलेलं चटईक्षेत्र कुठे जाऊन बसणार? आमच्या शेतात नाहीतर बांबोळीच्या पठारावर. एका वाड्याचा वारसा वाचवायला दुसऱ्या गावाचा डोंगर द्यायचा.

आणि मूळ गोष्ट कुणीच बोलत नाही. ज्या जागेवर पाच मजले चढवायला मिळतात तिथलं दोनशे वर्षांचं घर समितीने थांबवलं तरी पाच-सात वर्षं थांबेल, मालक कौलं काढून ठेवेल, पाऊस काम करेल. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली तुकड्या-तुकड्याने झोन बदलत होते, मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले तेव्हा कुठे जरा श्वास आला. जुन्या वाड्यात आहे तेवढीच उंची, आहे तेवढाच एफएआर म्हणजे चटईक्षेत्राचं प्रमाण, असं ओडीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, लिहा, पाडण्यात फायदाच उरणार नाही.

दोन सह्या बाकी
फायदा उरणार नाही म्हणजे माझ्या जागेची किंमत अर्धी करा, असंच ना? आणि नुकसानभरपाई?

उगाच एक
सरकारने स्वतःच्या इमारतीचं काय केलं ते बघा आधी. पणजीची कला अकादमी, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी बांधलेली, दुरुस्ती चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत खाली. तिथे वाडा समिती बसवा, मग आमच्याकडे या.

रायबंदरचा वाटसरू
बसवूया की, सरकारी इमारतींनाच आधी लावा हा नियम, माझी अजिबात हरकत नाही.

सून आणि चिरेवाला यांचं पटलं. म्हणजे रस्त्याकडची बाजू एवढंच धरून चालणार नाही, राजांगण, छप्पर, भिंतीचं मटेरियल हे यादीत हवं, आणि अर्ज दुरुस्तीच्या वेळी. देवस्थानं मी मुद्दाम टाळली होती, तिथे हात घातला की धागा भलतीकडे जातो, पण पन्नास वर्षांवरचा सभामंडप पाडायचा ठराव महाजनांच्या सभेआधी महिनाभर देवळाच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? टीडीआर मलाही नको. आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर दुरुस्तीला परवानगी मिळाली असं धरायचं, पाडायला मात्र नाही.

दोन सह्या बाकी
पाडायला नाही म्हणजे तुम्ही उत्तर न देऊनच अडवणार. मला हे मान्य नाही आणि होणार नाही. फार तर एवढं करा, घरपट्टी माफ, आणि समितीने नाही म्हटलं तर छपराचा अर्धा खर्च पालिकेने उचलायचा, त्याच वर्षीच्या बजेटात, पुढच्या नव्हे. दुरुस्तीच्या अर्जाला सगळ्या वारसांच्या सह्या मागायच्या नाहीत, राहतो त्याची एक पुरे. हे लिहून दिलं तर नोटीस मी स्वतः दारावर चिकटवतो.

चिरेवाला
एक सही पुरे हे सगळ्यात आधी करा. माझ्याकडे आत्ता म्हापशातली दोन घरं अशीच अडून आहेत, पैसे आहेत, लाकूड आणून ठेवलंय, वारस कॅनडात फोन उचलत नाही आणि पाऊस तीन आठवड्यांवर.

फोंड्याची सून
चिरेवाले, चुन्याचं काम करणारा कुणी असेल तर मला मेसेज करा. आमच्या ओसरीची भिंत आहे, सिमेंट अजून लावू दिलं नाही, पण सासऱ्यांना फार दिवस थोपवता येणार नाही.