जर्मन खरेदी-अटी: हाफ्टुंग, गारांटी, फेरशुल्डेन मराठीत कसं लिहायचं?

शिरोली_डिस्पॅच: शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीसाठी जर्मन गिऱ्हाइकाच्या अटी मराठीत करतोय, मालक वाचून मगच सही करणार. मशीन भाषांतर सगळीकडे ‘जबाबदारी’ नाहीतर ‘दोष’ टाकतं. शिवाय ‘फेरशुल्डेन्सउनआबहेंगिग’ आणि ‘कलम ८२३’ म्हणजे नक्की काय?

करार_कट्टा: हाफ्टुंग म्हणजे दायित्व, भरपाई देण्याची जबाबदारी. ‘दोष’ एकाच ठिकाणी वापरा. मांगेल म्हणजे मालातला दोष: ब्लो होल (ओतकामात हवेने पडलेलं भोक), क्रॅक. फेरशुल्डेन म्हणजे माणसाची कसूर. जर्मन नागरी संहितेच्या कलम २७६ प्रमाणे ती दोन तऱ्हेची: फोरझात्स म्हणजे हेतुपुरस्सर, फारलेसिगकाइट म्हणजे हयगय.

तुमच्या त्या लांबलचक शब्दाचा अर्थ ‘कसूर असो वा नसो’. त्याखाली लाल रेघ मारा. तो नुकसानभरपाईला जोडलेला असेल, तर हीट नंबर (कोणत्या वितळीचा माल त्याचा क्रमांक), टीसी (टेस्ट सर्टिफिकेट), एक्स-रे रिपोर्ट चोख असूनही सुटका नाही. गिऱ्हाइकाच्या छापील अटींत तो त्याच संहितेच्या कलम ३०७ पुढे (एकतर्फी जाचक छापील अटी रद्द ठरवणारं कलम) सहसा टिकत नाही. खास वाटाघाटी करून ठरवला असेल तर गोष्ट वेगळी.

गेवेअरलाइस्टुंग ही सदोष मालाबद्दल कायद्यानेच येणारी जबाबदारी, मुदत साधारण २ वर्षं. गारांटी मात्र आपणहून दिलेली हमी. आपल्या ऑफिसांत वॉरंटी-गॅरंटी एकच धरतात, तसं इथे केलंत तर फुकटची हमी गळ्यात पडेल.

पंचगंगा_काठ: त्याच संहितेचं कलम ८२३ कराराबाहेरचं आहे, म्हणजे अपकृत्य (करार नसला तरी दुसऱ्याचं नुकसान केल्याची जबाबदारी). जीव, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता किंवा तसाच दुसरा हक्क कसुरीने दुखावला तर भरपाई. नुसती गिऱ्हाइकाची उत्पादन लाइन बंद पडून झालेला तोटा यात बसत नाही, तो करारातून मागतात. पण सदोष सुट्या भागाने बाकीचं धड मशीन बिघडवलं तर ८२३ लागू शकतं. १९७६ च्या फ्लोट स्विचच्या निकालापासून तिथली कोर्टं हे मानतात. याची मुदतही वेगळी: ३ वर्षं, आणि ती नुकसान व जबाबदार कोण हे कळलं त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजायची.

करार_कट्टा: बरोबर. त्यात १९९० पासूनचा उत्पादन-दायित्व कायदा धरा. सुटा भाग बनवणाराही त्यात ‘उत्पादक’, कसूर सिद्ध करावी लागत नाही, आणि जखमी माणसाचा हक्क आधीच करार करून काढून घेता येत नाही.

अजून एक. ‘जर्मन कायदा लागू’ एवढंच लिहिलं असेल, तर आंतरराष्ट्रीय विक्रीचा संयुक्त राष्ट्र करारही लागू होतो, भारत त्यात नसला तरी. ‘ऊएन-काउफरेख्त’ (याच कराराचं जर्मन नाव) या शब्दाजवळ ‘आउसश्लुस’ म्हणजे ‘वगळून’ आहे का ते बघा.