समृद्धीवर ऐंशीच्या पुढे गाडी सरळ राहत नाही. अलाइनमेंट दोनदा करून झालं

दारव्ह्याचा कास्तकार

नमस्कार मंडळी. घरी २०१४ची छोटी पेट्रोल गाडी आहे, १ लाख १८ हजार किलोमीटर झाले. दारव्हा-कारंजा रोडवर तिची काहीच तक्रार नाही. पण बाबांना महिन्यातून दोनदा तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागते. कारंजा लाडवरून समृद्धीवर चढलो अन् काटा ऐंशीच्या पुढे गेला, की गाडी ऐकत नाही. तिथं कारला १२०ची मुभा आहे, मला ऐंशीही जड जाऊन राहिले.

स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी हळूहळू डावीकडे सरकते. जरा उजवीकडे घेतलं तर आधी काहीच होत नाही, अन् मग एकदम जास्त वळते. म्हणून परत डावीकडे घ्या. नागपूर येईपर्यंत हेच. उतरलो की खांदे भरून येतात. ट्रकच्या बाजूनं निघताना तर जीव मुठीत असते. मागच्या खेपेला बाबा म्हणाले, "तू आज काहून असा जोर लावून बसला?" मी काही बोललो नाही. गाडी सत्तरवर आणली अन् डाव्या लेनमध्ये घेतली.

स्टेअरिंग थरथरत नाही. ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत नाही. पांदण रस्त्यावर खड्ड्यात गेली की पुढून 'कट्' असा आवाज येते, पण जुन्या गाडीला तो येतोच म्हणून गॅरेजवाल्यानं सांगितलं. तीन महिन्यांत अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोनदा केलं, दोन्ही वेळा मशीनच्या कागदावर सगळे आकडे बरोबर. आता गॅरेजवाले म्हणतात स्टेअरिंगचा रॅकच (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बदला, वीस-बावीस हजार लागतील. सोयाबीन निघायला अजून वेळ आहे, तरी पैशाची सोय करीन. पण रॅक बदलूनही तसंच राहिलं तर? बाबांना घेऊन या गाडीत बसायची भीती वाटून राहिली. कुठून सुरुवात करू?

आर्वीची ताई

दादा, आधी टायर बघा. मी रोज शाळेसाठी आर्वीहून ये-जा करते. माझी गाडी अशीच एका बाजूला जायची, तर पुढच्या दोन चाकांच्या हवेत सहा पीएसआयचा फरक निघाला. हवा पंपावरच भरली होती. तेव्हापासून स्वतःचा गेज ठेवते आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना मोजते. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीजवळ स्टिकरवर असतं.

टायरचं वयही पाहा. टायरच्या बाजूवर DOT (डॉट) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे, २३१८ असतील तर २०१८चा २३वा आठवडा. नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं.

पांढरकवडा गॅरेज

भाऊ, रॅकला अजून हात लावू देऊ नका. ताईंनी सांगितलं ते आधी करा, फुकटात होते. पण माझा जीव त्या 'कट्' आवाजात अडकला. मी हैदराबाद रोडवर १९ वर्षांपासून गॅरेज चालवतो, पांदणीवर चालणाऱ्या गाड्याच जास्त येतात. हा आवाज अन् हायवेवर गाडी उशिरा ऐकणं, ही जोडी दिसली की मी पहिले लोअर आर्मचे बुश पाहतो.

अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेते. गाडी पळायला लागली की रस्ता चाकाला मागं रेटते अन् इंजिन पुढं ओढते. ते चाक जागेवर धरून ठेवते लोअर आर्म, अन् आर्मला धरून ठेवतात त्याचे रबरी बुश. मागचा मोठा बुश फाटला की आर्म थोडा मागं-पुढं खेळते. तुम्ही स्टेअरिंग हलवलं नाही तरी चाकाची दिशा बदलते. म्हणून कागदावर सगळं बरोबर अन् रोडवर चूक.

मोकळ्या सरळ रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, अॅक्सिलरेटर दाबा अन् सोडा. दाबल्यावर एका बाजूला अन् सोडल्यावर दुसऱ्या बाजूला जात असेल तर बुशवर शंका पक्की.

मग घरी हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून, चाकं जमिनीवरच असू द्या. एकाला स्टेअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे हलवायला लावा. तुम्ही चाकामागं टॉर्च मारा अन् टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टेअरिंगचा रॉड चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर, बोटं ठेवा. आतला रॉड आधी हलते पण चाक उशिरा हलते, असं असेल तर तिथं प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. बोटाला टिचकी मारल्यासारखं लागते. हे जॅकवर करू नका, वजन नसलं की प्ले लपून जाते. जॅक नंतर लावा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवूनच. चाक तीन अन् नऊ वाजल्याच्या जागी धरून हलवलं अन् खेळलं तर टाय रॉड, बारा अन् सहाला खेळलं तर बॉल जॉइंट (लोअर आर्म अन् चाक जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी तिथंच उभी करा, त्यात चाक आडवं पडू शकते.

अन् आर्म बदलला तर बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवल्यावरच पक्के कसायला सांगा. चाक लोंबकळत असताना कसले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहते अन् नवा बुशही लवकर फाटते. हे बरेच जण करत नाहीत, तुम्ही तिथं उभे राहा.

दारव्ह्याचा कास्तकार

भाऊ, ताई, तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण खात्री करूनच सांगायचं होतं.

हवा मोजली. पुढं डावीकडे २७, उजवीकडे ३३. दोन्ही ३३ केली अन् फक्त तेवढ्यावर कारंजापर्यंत जाऊन आलो. डावीकडे सरकणं जवळपास थांबलं, पण ते उशिरा ऐकणं होतं तसंच होतं. अॅक्सिलरेटर सोडला की नाक किंचित उजवीकडे, दाबला की डावीकडे. आधी कधी ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी पुतण्याला स्टेअरिंगवर बसवलं. डाव्या टाय रॉड एंडवर बोटं ठेवली अन् तुम्ही म्हणता तशी टिचकी लागली. त्याच्यावरचं रबराचं टोपण फाटलेलं होतं, बहुतेक पऱ्हाटीच्या खुंटानं, अन् आतलं ग्रीस वाळून मातीसारखं झालेलं. मग बुश पाहिला. वरून शाबूत वाटत होता. टामी (लोखंडी दांडा) घालून आर्म दाबला तर रबर अर्ध्या गोलात उघडलं, करंगळीचं नख जाईल एवढी फट. फटीत काळी माती घट्ट बसलेली. टामी सोडली की मिटून जाय. गॅरेजात दोनदा गाडी गेली, पण कोणी टामी लावून पाहिली नव्हती.

दोन्ही बाजूंचे लोअर आर्म अन् डावा टाय रॉड एंड बदलले, अलाइनमेंट धरून ७,४०० रुपये लागले. बोल्ट कसताना मी तिथंच होतो. मेकॅनिकनं ऐकून घेतलं अन् गाडी खाली उतरवूनच कसले.

परवा बाबांना नागपूरला नेऊन आणलं. शंभरवर होतो. स्टेअरिंग बोटभर हलवलं तर गाडी बोटभरच हलली. वर्धा यायच्या आधीच बाबांना झोप लागली होती.

एक राहिलं. काल वावरात गेलो होतो, पाऊस होता. आज येताना नव्वदच्या आसपास स्टेअरिंगला बारीक थरथर आली, आधी नव्हती. पुन्हा काही ढिलं झालं काय?

पांढरकवडा गॅरेज

नाही भाऊ, ते चाकाचं बॅलन्स आहे. रिमच्या आतल्या बाजूला हात घालून पाहा, चिखल एका जागी वाळून बसला असेल. पाण्यानं धुऊन काढा अन् मग चालवून पाहा. तरी थरथर राहिली तर बॅलन्सिंग करा.

दारव्ह्याचा कास्तकार

दोन्ही पुढच्या रिममधून मिळून ओंजळभर काळी माती निघाली. थरथर गेली.