बाळासाठी पलंगाला लावायचा कॉट घ्यावा, की घरचा पाळणाच बरा?

मृण्मयी_पुणे: मला आठवा लागलाय. बेडरूम दहा बाय अकराची, त्यात कपाट आणि बॉक्स बेड. नवरा म्हणतो पलंगाला चिकटवायचा, आपल्याकडची एक बाजू खाली होणारा कॉट घेऊ, सासूबाई म्हणतात घरचा सागवानी पाळणा माळ्यावर आहे, तुझा नवरा आणि दोन्ही नणंदा त्यातच वाढल्या, आणि आई म्हणते बाळंतिणीच्या कुशीतच बाळ झोपतं, वेगळं कशाला. तिघांचंही पटतं आणि तिन्हीची भीतीही वाटते. सिझर व्हायची शक्यता आहे, त्यामुळे रात्री वाकून बाळ उचलणं जमेल का हीच मोठी काळजी. अनुभव सांगा प्लीज.

सुनंदाकाकू_सातारा: अगं, पैसे घालवू नकोस. पाच-सहा महिन्यात तो कॉट लहान पडतो, मग तोही माळ्यावरच. माझी दोन्ही मुलं माझ्या कुशीत झोपली, नुसती कूस बदलली की दूध. बाळाला आईची ऊब लागते, बाळ वेगळं झोपवायची पद्धत आपली नाही, परदेशातली आहे.

सिस्टर_एनआयसीयू: काकू, बाळ आईजवळच हवं यात वाद नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनाही हेच सांगतात, निदान सहा महिने आईबाबांच्याच खोलीत, फक्त वेगळ्या, कडक आणि सपाट जागेवर, पाठीवर. म्हणजे अंतर हातभराचंच. तिकडे १९९४ मध्ये बाळाला पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कुशीत झोपवण्यात धोका फार वाढतो तो बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, घरात कोणी सिगरेट ओढत असेल किंवा आईला गुंगी आणणारं औषध चालू असेल तेव्हा. आणि मृण्मयी, पाजताना सोफ्यावर डोळा लागणं तर सगळ्यात वाईट, त्यापेक्षा पलंगावर बसून पाज.

अभिजित_न्यूजर्सी: आम्ही असा कॉट वापरलाय, तो पलंगाला धरून ठेवणारा पट्टाही बांधला होता. तिसऱ्या आठवड्यात पहाटे बायको पलंगाच्या कडेला बसली, गादी दबली आणि कॉट नि गादीच्या मधे माझी चार बोटं गेली एवढी फट. बाळ मधोमध होतं म्हणून निभावलं, पण त्या दिवसापासून मी रोज रात्री पट्टा ओढून बघायचो, कडेला बसून बघायचो. फट दिसली तर दुपट्याची गुंडाळी कोंबू नका, तीच सुटून बाळाच्या तोंडावर येते. अजून एक, उघडी बाजू खाली केली तरी थोडी कड राहिली पाहिजे, युरोपच्या २०१९ च्या मानकात ती बाळाच्या गादीपासून किमान १२ सेंटिमीटर सांगितलीय. पूर्ण सपाट उघडणारा मॉडेल घेऊ नका.

प्रसाद_ठाणे: मृण्मयीने बॉक्स बेड लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही का? या कॉटचे पाय पलंगाखाली सरकतात तेव्हा कुठे तो चिकटतो. बॉक्स बेड जमिनीपर्यंत बंद, पाय जाणार कुठे? आमच्याकडे नेमकं हेच झालं, कॉट आला, जोडला, आणि पलंगापासून वीतभर लांब उभा, दुकानदार म्हणतो पट्टा बांधा म्हणजे झालं. शेवटी चारही बाजू वर करून पलंगाशेजारी ठेवला आणि तसाच वापरला, बायकोचंही सिझर होतं, मी उचलून द्यायचो. त्यामुळे माझं मत, बॉक्स बेडवाल्यांनी या भानगडीत पडू नये.

सुनंदाकाकू_सातारा: मग पाळणाच काय वाईट? झोळी नको म्हणालात तर समजेल, पण पाळण्याचा तळ सपाट असतो.

सिस्टर_एनआयसीयू: झोळी खरंच नको काकू, त्यात पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि इवलीशी श्वासनळी दबते. अमेरिकेत याच कारणाने २०२२ मध्ये कायदा करून दहा अंशांपेक्षा जास्त उताराचे झोपायचे पाळणे बंद केले, सोबत कडेचे गुबगुबीत बंपरही. सागवानी पाळण्याला माझा विरोध नाही, पण दोन दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कोल्डड्रिंकचा कॅन आरपार गेला तर तो बाद. आत चार घड्यांची गोधडी नको, घट्ट बसणारी पातळ गादी हवी. झोपेत झोका बंद. आणि मोहरीची उशी काढा, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात माहितीये, त्यासाठी जागेपणी समोर बसून पोटावर ठेवा.

सुनंदाकाकू_सातारा: मोहरीच्या उशीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. सुनेला आजच फोन करते, तिचं दीड महिन्याचं आहे. कुशीत झोपवण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

मृण्मयी_पुणे: पाळणा काल माळ्यावरून काढला. कॅन दोन ठिकाणी सरळ बाहेर आला, एक दांडी निखळलेलीच होती, सासूबाई स्वतः बघून गप्प बसल्या. बारशाला त्यात घालू, पण माणसं बसलेली असताना, तेवढंच. रात्रीसाठी चारही बाजू बंद होणारा कॉट, माझ्या बाजूला, नवरा उचलून देणार. आता मच्छरदाणीचं सांगा, वरून सैल सोडायची की कॉटलाच ताणून बसणारी मिळते?

सिस्टर_एनआयसीयू: ताणून बसणारीच घे. सैल कापड बाळाच्या हाताला लागेल असं काहीच नको.